जागा गयाबाईची

मला एका जागी बसवत नाही. जेवताना दोनदा उठते, टीव्हीवरची मालिका उभ्याने बघते, आणि दुपारी पाठ टेकली की पाचव्या मिनिटाला गॅलरीत जाऊन खाली रस्त्यावर कोण काय करतंय ते पाहून येते. सून म्हणते, आई, तुमच्या पायाला भिंगरी आहे. नातवाला वाटतं आजीचं काहीतरी हरवलंय आणि ती ते शोधते आहे. तसं काही नाही. माझी आई तीस वर्षं दोन खांबांच्या मधे एकाच ठिकाणी मांडी घालून बसली, आणि ते बघत बघत मी मोठी झाले. आपण बसायचं नाही, हे मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं असावं. पुढे नोकरीही अशी मिळाली की ड्रॉइंग बोर्डासमोर उभं राहून काम करायचं. उंच स्टूल असायचं, पण ते मी पर्स ठेवायला वापरलं. या प्रकरणात त्या खांबांबद्दल लिहायचं आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. ती चूक मी मुलांना कधी सांगितली नाही. आता सांगते, कारण ती समजून घेईल असं माणूस त्या बाजारात आता एकही उरलेलं नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करायचे आणि शनिवारी संध्याकाळी मिळेल त्या ट्रकने घरी यायचे. त्यांच्या कानामागची काळी धूळ रविवारी दुपारपर्यंत निघायची नाही, आणि सोमवारी ते परत जायचे. आठवडाभर घरात मी आणि माय. मायचं नाव पंचफुला. ती गुजरीत, म्हणजे रोजच्या बाजारात, भाजी विकायची. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पोपटाच्या शेंगा, हिवाळ्यात लाखोळीची कोवळी भाजी, उन्हाळ्यात वैनगंगेच्या वाळूतली डांगरं, म्हणजे खरबुजं. सकाळी मी उठायच्या आत ती माल घेऊन बसलेली असायची आणि चुलीजवळ माझ्यासाठी कण्यांचा भात झाकून ठेवलेला असायचा. संध्याकाळी टोपलीत जे उरेल ते आमच्या घरी शिजायचं. वाळल्या झिंग्यांत घातलेलं वांगं मला अजून आवडतं, पण सरळ, चकचकीत, न किडलेलं वांगं मी पहिल्यांदा खाल्लं ते नागपूरला खानावळीत, आणि मला ते बेचव लागलं. शाळा सुटली की मला गुजरीतच जावं लागे. माय म्हणायची बस, आणि मी उभी राहायची. ती म्हणायची पाय दुखतील, मी म्हणायची दुखू दे. मैत्रिणींपैकी कुणी आईसोबत भाजीला आली की मी खांबामागे जायची, आणि तो खांब मला पुरेसा रुंद नव्हता.

लोक त्या बाजाराला टोपीवाली गुजरी म्हणत. लांबट इमारत, मधे उंच छप्पर आणि दोन्ही अंगांना खाली उतरलेल्या ओसऱ्या. मधल्या छपराच्या आढ्यावर पुन्हा एक छोटं छप्पर उचललेलं होतं, त्याच्या बाजूंना लाकडी झडपा, उजेड आत यायला आणि गरम हवा बाहेर जायला. तीच टोपी. तिच्यात कबुतरं राहत आणि त्यांच्या घुमण्याचा आवाज खाली यायचा. दुपारी बाया पेंगायला लागल्या की तेवढा एकच आवाज असे, आणि मला तो अगदी सहन होत नसे. ओसरीला दर अंगाला आठ बिडाचे खांब. खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणायचे. एका अंगाला सात खण, दोन्ही अंगांचे मिळून चौदा, आणि दर खणात तीन बाया, जमिनीवर तरट टाकून. मधल्या उंच भागात दगडी ओटे होते. तिथे हळद-मिरचीवाले, गूळवाले, धान्यवाले बसत, आणि त्यांच्याजवळ परवाने होते. ओसरीतल्या बायांजवळ कागद नावाची वस्तू नव्हती. हे सगळं कुणी बांधलं याच्या तीन कथा होत्या. गूळवाले सांगत की इंग्रजांच्या वेळच्या मालगुजाराने नागपूरला तसला बाजार पाहिला आणि हट्टाने इथे उभा केला. हळदवाले म्हणत, मालगुजाराच्या आईला बाजारात ऊन लागलं होतं. बाया म्हणत, मालगुजार गेला खड्ड्यात, खांब ज्यांनी रेल्वेवरून बैलगाडीत आणले ते आमचे आजे-पणजे, आणि एका गाडीचं जू मोडलं होतं. मला तिसरी कथा खरी वाटते, कारण तिच्यात कुणी काही मिरवत नाही.

मात्र त्या इमारतीत काही हुशारीच्या गोष्टी होत्या, आणि त्या मला फार उशिरा दिसल्या. बिडाचे खांब आतून पोकळ होते. छपरावरचं पाणी पन्हळीतून खांबात शिरायचं आणि जमिनीखालच्या नालीत निघून जायचं. पावसाळ्यात खांबाला पाठ लावून बसलं की पाठीमागून पाणी खाली जाताना जाणवायचं. खांब भरून वाहतोय की नुसता ठिबकतोय त्यावरून माय बाहेर न बघता सांगायची, आता गिऱ्हाईक येईल की नाही. खांबांच्या बुडाशी उठावाची इंग्रजी अक्षरं होती, ओतणाऱ्या कारखान्याची. पायांनी घासून घासून त्यातली अर्धी गेलेली. मी इंग्रजी मुळाक्षरं शाळेच्या आधी त्या बुंध्यावर बोट फिरवून शिकले. त्यामुळे माझ्या इंग्रजीत काही अक्षरं कायमची कच्ची राहिली, असं मी पुढे नोकरीत साहेबांना सांगायची आणि ते हसायचे.

आता त्या गुजरीतल्या एका पद्धतीबद्दल सांगते, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळे. ओसरीत बसणारी कुठलीही बाई स्वतःच्या जागेला ‘माझी जागा’ म्हणत नसे. तसं म्हटलं की जागा जाते, अशी समजूत. जागा ओळखली जायची ती आधी तिथे बसून गेलेल्या बाईच्या नावाने. ठेमाबाई मरून दहा वर्षं झाली तरी तिच्या ठिकाणी बसणारी कोचईवाली मावशी विचारल्यावर सांगायची, ही ठेमाबाईची जागा. कोचईवाली मावशी गेली की मग ती जागा तिच्या नावाची होणार. म्हणजे बाईच्या नावाने जागा व्हायची ती बाई उठल्यावरच. शिवाय बसलेल्या बायांना त्यांच्या नावाने हाक मारायची रीत नव्हती. त्या त्यांच्या मालाने ओळखल्या जात. कोचईवाली, भेदरंवाली, पालेवाली. कोचई म्हणजे अळूचे कंद, भेदरं म्हणजे टमाटे. लहानपणापासून ज्यांच्या मांडीवर मी खेळले त्या बायांपैकी एकीचंही खरं नाव मला ठाऊक नव्हतं. याची तेव्हा मला लाज वाटली नाही. आता वाटते.

मायची जागा गयाबाईची. गयाबाई माळीण होती, एकटी, मूलबाळ नसलेली. माय लग्न होऊन आली तेव्हा आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेऊन काही वर्षं झाली होती, पण गुजरीच्या ओसरीत ते पोचलं नव्हतं. छपराखाली कुणी माय बसेल एवढी जागा द्यायला तयार नव्हतं. माय बाहेर नालीच्या काठावर उन्हात डांगरं घेऊन बसायची. ती उन्हाने तडकायची आणि तडकलेलं डांगर कोण घेणार. एका दुपारी गयाबाईने तिला आत बोलावलं आणि आपल्या तरटाचा कोपरा दिला. शेजारच्या दोघींनी टोपल्या लांब सरकवल्या. गयाबाई उठली. तिने आपला तराजू मायच्या हातात दिला, मी जेवून येतो म्हणाली, आणि गेली. आमच्याकडे बायाही ‘जातो’, ‘येतो’ असंच बोलतात. ती चांगली तासभर आली नाही. आलेल्या गिऱ्हाइकांना मायच्या हातून भाजी घ्यायची नाहीतर रिकामं जायचं, एवढाच मार्ग होता. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं, तिसऱ्याही. महिन्याभराने टोपल्या परत जवळ सरकल्या. ज्या दोघींनी त्या लांब केल्या होत्या त्यातली एक कोचईवाली मावशी, आणि पुढे तिच्याएवढं मायचं कुणी जवळचं राहिलं नाही. गयाबाई म्हातारपणी, मरेपर्यंत, मायच्या पाठीमागे खांबाला टेकून नुसती बसून असायची. मला ती आठवते ती पानाच्या वासाची, आणि मी उभी राहिले की माझा परकर ओढून खाली बसवणारी.

मॅट्रिकनंतर मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या कोर्सला गेले. वर्गात मुलगी मी एकटीच. दुसऱ्या वर्षी मला एकाच गोष्टीचा ध्यास होता, नागपूर. तिथल्या सरकारी कार्यालयात शिकाऊ म्हणून घेतात असं कळलं होतं, आणि त्यासाठी कुणा साहेबाचं शिफारसपत्र लागायचं. मला रोज सकाळी उठल्यावर वाटायचं की आज निघावं. बसस्टँडवर उगाच जाऊन नागपूरची गाडी सुटताना बघून यायची. नेमकं त्याच वेळी गावात ठरलं की टोपीवाल्या गुजरीची दुरुस्ती करायची, छपराच्या सागवानी कैच्या बदलायच्या, नवे कवेलू, म्हणजे कौलं, घालायचे, आणि ओसरीत बायांना बसायला सिमेंटचे ओटे बांधून द्यायचे. ज्याची जागा त्याला ओटा, नावावर, कागदासकट. काम बघणारे ओव्हरसिअर आमच्या सरांच्या ओळखीचे. त्यांना असलेल्या इमारतीचा मापासकट नकाशा पाहिजे होता आणि बायांची यादी. सरांनी माझं नाव सुचवलं, कारण वर्गात माझं अक्षर सर्वांत चांगलं होतं. काम नीट झालं तर पत्र देतो, असं ओव्हरसिअर म्हणाले.

मापं घेण्याचे चार दिवस फार चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे. जिथून मला पळायचं होतं ती जागा मी पहिल्यांदाच वर बघून पाहिली. कैच्यांचे जोड एकाही खिळ्याशिवाय होते, नुसते खाचेत बसवलेले आणि वरून लोखंडी पट्टीने आवळलेले. पूर्वेकडची ओसरी पश्चिमेकडच्या ओसरीपेक्षा हातभर रुंद होती, कारण सकाळी गर्दी पूर्वेला असते. बांधणाऱ्याने ते कुठेतरी उभं राहून आधी पाहिलं असणार. टेपचं दुसरं टोक धरायला कोचईवाली मावशी उठायची आणि सगळ्यांना सांगायची की आमची रजनी गुजरी मोजून राहिली. मला ते आवडायचं आणि नकोसंही व्हायचं. पाचव्या दिवशी यादी करायची होती, आणि दुपारच्या गाडीने मला नागपूरला चौकशीला जायचं होतं. फॉर्मवर रकाना होता, ‘जागाधारकाचे नाव’. हा शब्द बायांना कळणार नाही म्हणून मी तो सोपा केला. प्रत्येक खणापुढे उभी राहून, मान खाली घालून, पेन तयार ठेवून मी विचारत गेले, जागा कोणाची? त्या सांगत गेल्या. भागरथाची. यमुनाची. गिरजाची. सोनाईची. मी लिहीत गेले. मी एकदाही वर पाहिलं नाही, आणि लहानपणापासून ऐकलेली ती पद्धत गाडीच्या घाईत माझ्या डोक्यात आलीच नाही. मला वाटत होतं बाया आपापली नावं सांगताहेत, जरा लाजून, जशी माय डॉक्टरसमोर सांगते तशी. पूर्वेच्या पाचव्या खणात आले तेव्हा मायला काय विचारायचं, म्हणून न विचारताच तिचं नाव लिहिलं, पंचफुला, आणि पुढे सरकले. माय बघत होती. तिने पुढे मला सांगितलं की तिला वाटलं, शिकलेली पोरगी अशी विचारते आहे म्हणजे त्यात काही कारण असेल. दीड तासात बेचाळीस नावं झाली. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. गाडी मला मिळाली.

पंधरा दिवसांनी यादी गुजरीच्या दाराच्या खांबावर चिकटवली. वाचता येणारं एखादं गिऱ्हाईक वाचून दाखवायला तयार होतं, पण बाया म्हणाल्या, आमच्या पोरीनं लिवली, तिलेच वाचू द्या. मला बोलावणं आलं. सगळ्या जमल्या, पदर डोक्यावर घेऊन, काही कार्य असल्यासारख्या. मी मोठ्याने वाचायला लागले. पहिलं नाव भागरथा. कुणीतरी हसलं, म्हणालं ते त मेली. दुसरं नाव वाचलं, तेव्हा कुणी हसलं नाही. तिसऱ्याला मलाच कळलं, आणि तरी मी वाचत राहिले. यमुना, गिरजा, सोनाई. सगळ्या मेलेल्या. पूर्वेचा पाचवा खण आला. ठेमाबाई, आणि मग पंचफुला, मी वाचलं. ते एक नाव तेवढं जिवंत. मी उरलेली सगळी नावं वाचली. आवाज लहान होत गेला एवढंच. यादी संपल्यावर कोचईवाली मावशी माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“आन आमी कोठी आहो, पोरी?” तिने विचारलं.

त्या दिवसापासून मायच्या खणात कुणी बोलेना. पंचफुलाच्या पोरीने आपल्या मायचं नाव बरोबर घातलं आणि बाकीच्यांना मारून टाकलं, असं भेदरंवालीने सगळ्यांदेखत सांगितलं. कागदावर नेमकं तसंच दिसत होतं. शेजारच्या टोपल्या पुन्हा लांब सरकल्या. मी ते पाहिलं. मायनेही पाहिलं असणार, तिला तर ते ओळखीचं होतं. मी धावत ओव्हरसिअरांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, घाईत असलेले माणूस होते, म्हणजे माझ्यासारखेच. मी सांगितलं की चूक माझी आहे, मी प्रश्न चुकीचा विचारला. त्यांनी यादी समोर ओढली आणि मायच्या नावावर बोट ठेवलं. हे नाव बरोबर आहे का, म्हणाले. मी म्हणाले, आहे. मग बाकीची चूक कशी, ते म्हणाले. एक बरोबर आहे म्हणजे तू विचारूनच लिहिलंस, याचा अर्थ बाकीच्या बाया दुसऱ्यांच्या जागांवर बसल्या आहेत. सगळीच यादी चुकली असती तर ती रद्द करून नवी करता आली असती. आता ज्यांना हरकत असेल त्यांनी आपापला पुरावा आणावा. पुरावा कुणाकडे असणार? उठताना त्यांनी मला समजावलं की तुझ्या आईचं काम झालंय, तू यात पडू नको, पत्र तयार आहे, येऊन घेऊन जा.

शनिवारी बाबा आले. त्यांना मी सगळं सांगितलं, तर त्यांनी यादीतलं ते एकच नाव मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि पुन्हा एकदा. आमच्या घराण्यात कागदावर कुणाची हातभर जागा आजवर आली नव्हती. जमिनीखाली राबणाऱ्या त्या माणसाला जमिनीवरच्या त्या ओट्याचं काय वाटत असेल, ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. ते म्हणाले, बाकीच्यांचं बाकीचे बघतील, त्यांनी तुझ्या मायला पाहून टोपल्या लांब सरकवल्या होत्या ते विसरली का. मी मनातून त्यांच्याच बाजूची होते. चूक झाली होती, लाज वाटत होती, पण ते नाव खोटं नव्हतं. आणि पत्र तयार होतं. मी घरात इकडून तिकडे फिरत होते, दोन खोल्यांच्या घरात फिरायला जेवढं मिळतं तेवढं. माय खाली बसून झिंगे निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला कागद घ्यायला सांगितलं.

“लिव,” ती म्हणाली. “पाचव्या खणातली जागा गयाबाईची हाय. पंचफुलाची नाही.”

मी लिहिणार नाही म्हणाले. मी तिला ओरडून सांगितलं की हे एकदा लेखी गेलं की मागे घेता येत नाही, सरकारी कागद असा असतो, तुला तो कळत नाही. ती म्हणाली मले मालूम हाय. मी म्हणाले, मग कायले? बाबा उठून दारात जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

“तू खोटं नाही लिवलं, रजने,” ती म्हणाली. “पण एकलं लिवलं.”

मी अर्ज लिहिला. माझ्या त्याच अक्षरात, समास सोडून, खाली ठिपक्यांची रेघ ओढून. तिने अंगठा उठवला आणि शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसली. सोमवारी तिने तो स्वतः नेऊन दिला. मला तिचा राग आला होता. खरं सांगायचं तर तो राग माझ्याजवळ थोडा अजून आहे.

व्हायचं ते सगळं झालं, आणि तिने धरलं होतं अगदी तसंच. ते एकमेव बरोबर नाव गेल्यावर यादी सबंध मेलेल्यांची उरली, आणि मेलेल्यांच्या नावावर ओटे देता येत नाहीत हे ओव्हरसिअरांनाही मान्य करावं लागलं. नवी यादी करायला एका शिपायाला पाठवलं. तो शाळा फार शिकलेला नव्हता, पण त्याने नीट प्रश्न विचारला, अठी रोज कोण बसते? आणि बायांनी नीट उत्तर दिलं. त्या यादीतून मला पहिल्यांदा कळलं की कोचईवाली मावशीचं नाव सुभद्रा आहे. एकेचाळीस नावं लागली. पाचव्या खणाशी शिपाई आला तेव्हा मायचं नाव त्याने घेतलं नाही, कारण फाइलीत तिचा स्वतःचा लेखी नकार होता. सुभद्रा मावशी आणि भेदरंवाली, दोघी कार्यालयात भांडायला गेल्या आणि तिथे दिवसभर बसल्या. त्यांना मी लिहिलेला मायचा अर्ज वाचून दाखवण्यात आला. पाचव्या खणातला तिसरा ओटा अर्ज केलेल्या एका तरण्या विधवेला मिळाला. तिलाही गरज होती, तिच्याबद्दल मी काय बोलू.

पत्र मला मिळालं, पण त्यात आधी सहा महिने याच ओव्हरसिअरांच्या हाताखाली काढायची अट होती. म्हणून नव्या ओट्यांचा शाईतला नकाशा मीच काढला. दर खणात तीन ओटे, आणि ओट्यांच्या मधे गिऱ्हाइकाला वाकायला, टोपली आत न्यायला हातभर वाट. ती वाट मी माझ्या मनाने सोडली होती आणि साहेबांनी तिचं कौतुक केलं होतं. ओटे झाले, बाया त्यावर चढून बसल्या, आणि पहिल्याच सकाळी माय नेहमीसारखी टोपली घेऊन आली. कुठे जायचं ते तिने ठरवलं होतं की नाही, मला माहीत नाही. सुभद्रा मावशीने आपल्या ओट्यावरच्या कोचईचे वाटे एका बाजूला सारले आणि मायची टोपली वर घेतली. नव्या बाईनेही आपल्याकडून थोडी जागा केली, तिला कुणी आधीच सांगून ठेवलं असावं. माय त्या दोन ओट्यांच्या मधल्या वाटेत खाली बसली. ती तिथे मावली. ती वाट मी दोन इंच कमी धरली असती तर मावली नसती, हे मी बोर्डासमोर उभी असताना पुष्कळदा मोजून पाहिलं आहे.

महिन्याभराने ओव्हरसिअर तपासणीला निघाले, ज्याच्या नावाचा ओटा तोच बसतो की नाही ते पाहायला. वाटेत बसलेल्यांना उठवायचं असं वरून आलं होतं. यादी माझ्या हातात होती. मी नुसती देवाला, नाही, बुद्धाला म्हणत होते की पाचवा खण येऊ नये. पण माझ्याच नकाशातले खण, ते ओळीनेच येणार. चौथ्या खणापाशी आम्ही पोचलो तेव्हा मायने आम्हाला पाहिलं. ती उठली, लुगडं झटकलं, तरट पायाने ओट्याखाली सारलं, आणि वळून गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. तिने आपल्याच टोपलीतलं एक वांगं उचललं, देठाकडून दाबून पाहिलं, आणि सुभद्रा मावशीला भाव विचारला. मावशीने तोंडावरची रेघही न हलवता भाव सांगितला. माहाग हाय वो बाई, माय म्हणाली, जरा कमी कर. ओव्हरसिअर बाजूने वाट काढत पुढे आले, तर ती त्यांच्यासाठी अंग चोरून सरकली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला पुढच्या आयुष्यात नोकरी होती, नागपूर होतं, आणि ते तिला माहीत होतं.

“या खणात किती?” ओव्हरसिअरांनी विचारलं.

“तीन,” मी म्हणाले.